एक मिनिट, कुणी हलू नका

१

मुलाखत संपली तरी ताई कॅमेरा लगेच बंद करत नसे. आधी ती त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, मोजून एक मिनिट. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटतं, पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एकीत फ्रिज घुरघुरतो, दुसरीत नळ ठिबकतो, तिसरीत नुसते माणसांचे श्वास. पुढे फिल्म कापायला-जोडायला बसलं की बोलण्यातल्या फटी त्याच खोलीच्या शांततेनं बुजवाव्या लागतात. दुसरीची चालत नाही, ठिगळ लगेच ऐकू येतं.

म्हणून शेवटचा प्रश्न झाला की ती म्हणायची, "आता एक मिनिट कुणी हलू नका. मी 'झालं' म्हणेपर्यंत." मग घरातली सगळी माणसं परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसायची. पोरं गाल फुगवायची, एखाद्या काकूला हमखास हसू फुटायचं. "झालं" म्हटलं की सगळी खोली एकदम खोकायची, हसायची, आणि चहाचं आधण चढायचं.

गेली एकवीस वर्षं ती जिथं लढाई चालू असेल तिथं जाऊन माणसं कशी जगतात ते टिपत होती. नुसतं टिपून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या फिल्मा घेऊन ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवायची आणि साहेबलोकांना भंडावून सोडायची. सगळे तिला ताईच म्हणत. नाक्यावरचा पांढऱ्या मिशांचा हवालदारसुद्धा बॅग तपासताना "ताई, हे काय?" असंच विचारायचा. तिच्याबरोबर माइक धरणारा एक जुना सोबती होता. त्याला भिंतीपलीकडची पालही ऐकू येते म्हणून त्याचं नाव पडलं होतं कानसेन.

त्या दिवशी सकाळी ती दोघं एका शिंपिणीच्या घरी होती. तिसरा मजला, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध मेणकापडाचं टेबल. घरात सहा जण: शिंपीण, तिचा नवरा, कॉलेजातला मुलगा, सात वर्षांची धाकटी, नवऱ्याची बहीण म्हणजे मुलांची आत्या, आणि आजोबा. आजोबांना जुना खोकला होता. दर दोन वाक्यांमागे ते खोकायचे आणि धाकटी त्यांची हुबेहूब नक्कल करायची.

साडेदहाला ताईनं शांततेचं मिनिट सुरू केलं. आजोबांनी खोकला दाबून धरला. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि धाकटी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच हसली. इतक्यात खालून ड्रायव्हर जिन्यावरूनच ओरडला, नाका बंद करतायत, दहा मिनिटांत निघा, नाहीतर इथंच अडकाल. ताईनं कॅमेरा उचलला, कानसेननं वायरी गुंडाळल्या, आणि दोघं धावत सुटली. दारातून तिनं वळून पाहिलं. कुणी उठलं नव्हतं. सकाळपासून जेवून जा, जेवून जा म्हणून गळ घालणारी माणसं, पण दारापर्यंत पोचवायला एकही आलं नाही. घाबरली असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं, तरी थोडं लागलंच.

वीस मिनिटांनी, नाक्यापलीकडे गाडीत असताना, मागे गोळा पडल्याचा आवाज झाला. कानसेननं डोळे मिटून घेतले. तो आवाज कुठून आला हे त्याला विचारावं लागलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी लष्कराचे प्रवक्ते टीव्हीवर आले. इस्त्रीचा शर्ट, पाण्याचा ग्लास, शांत आवाज. म्हणाले, इमारत रिकामी होती. रहिवाशांना आधीच हलवलं होतं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामी? तिनं त्या टेबलावर सकाळी हात टेकले होते. त्या मेणकापडावर धाकटीनं पेनानं मांजर काढलं होतं, तेही तिला आठवत होतं. खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, पण इतक्या निवांतपणे, तीन शब्दांत सहा माणसं पुसून टाकणारा माणूस पाहिला नव्हता. बरं, ढिगारा उपसायलाही बंदी. का, तर आत कुणी नाहीच म्हणे. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्या घरातलं एक माणूस मात्र वाचलं होतं. शिंपिणीची थोरली मुलगी दुसऱ्या गावी दवाखान्यात परिचारिका होती. ती दर दोन दिवसांनी ताईला फोन करायची. रडायची नाही. एवढंच म्हणायची की मृतांच्या यादीत माझ्या माणसांची नावं नाहीत. जिवंतांच्या यादीतही नाहीत. मी अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा तेवढं सांगा.

ताई दोन महिने भांडली, तेव्हा कुठे चौकशी समिती बसली. समितीनं ताईकडून त्या दिवसाच्या चित्रणाची प्रत मागवली आणि सीलबंद करून ठेवली. सुनावणी सोमवारी सकाळी अकराला होती. सहा माणसं त्या सकाळी त्या घरात होती, एवढं सिद्ध झालं की नावं यादीत जाणार होती. नाही झालं, तर इमारत कायमची रिकामी.

३

सुनावणीच्या आधीच्या मंगळवारी ताई आणि कानसेन चित्रण लावायला बसली. ताई भावाच्या घरी राहायची, आणि वरची खोली तिनं कामाला घेतली होती: दोन मॉनिटर, एक लोखंडी कपाट, भिंतींना आवाज शोषायला लावलेल्या जुन्या गाद्या.

मुलाखतीत एकटी शिंपीणच दिसत होती. सहाही जण होते ते फक्त शेवटच्या क्लिपमध्ये, शांततेच्या. ताईला तिची लांबी पाठ होती, कारण त्याच संध्याकाळी तिनं ती पाहिली होती. अठ्ठेचाळीस सेकंद. मग ड्रायव्हरची हाक, हललेलं चित्र, फरशी, काळोख.

आता अठ्ठेचाळीस सेकंद झाले आणि हाक आलीच नाही. सहा जण टेबलाभोवती बसून होते. एक मिनिट झालं. दोन झाली. चार मिनिटांनंतर क्लिप संपली.

कानसेन म्हणाला, दुसरी क्लिप असेल. ताई म्हणाली, दुसरी घेतलीच कुठे? मग कपाटातून मूळ कार्ड काढलं. त्यातही चार मिनिटं. कार्ड खराब झालं असेल, चित्र एका जागी अडकून पडलं असेल, असं ताईनं ठरवलं. यंत्रं बिघडतात. एकवीस वर्षांत तिनं काय काय बिघडलेलं पाहिलं नव्हतं?

बुधवारी क्लिप नऊ मिनिटांची होती.

चित्र अडकलेलं नव्हतं. खिडकीतून मेणकापडावर उन्हाचा एक चौकोन पडला होता. तो मंगळवारी मांजराच्या शेपटीशी होता, आता पाठीवर आला होता. कानसेननं कानांवर हेडफोन चढवले आणि बराच वेळ बोटांवर मोजत बसला. मग म्हणाला, सहा श्वास आहेत. पाच सरळ आणि एक अडवून धरलेला, जरासा शिट्टी वाजणारा.

४

ताईनं यंत्राची झडती घ्यायची ठरवली. कॅमेरा बिघडला असेल तर तो इथंही बिघडेल. गुरुवारी दुपारी तिनं त्याच कॅमेऱ्यावर आपल्या खोलीची शांतता घ्यायला सुरुवात केली. "एक मिनिट कुणी हलू नका," सवयीनं म्हणून गेली. त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

वहिनीचं आणि ताईच्या कामाचं कधी जमलं नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं कधी थांबवणार, असं ती महिन्यातून एकदा तरी विचारायची. पण चहा कधी चुकवायची नाही.

क्लिप बरोबर एका मिनिटाची आली. ताईनं ती तीनदा तपासली, आवाजाचा आलेख उघडला, आकडे पाहिले. कॅमेरा ठणठणीत होता. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. वहिनी ट्रे धरून तशीच उभी होती. चहावर साय आली होती.

"अगं, ठेव की ट्रे," ताई म्हणाली.

"तू झालं म्हणायची वाट बघतेय," वहिनी वैतागून म्हणाली. "हलू नका म्हणतेस आणि विसरून जातेस. माणसानं किती वेळ ताटकळायचं?"

कानसेननं ताईकडे पाहिलं. दारातून वळून पाहिलेली ती खोली पुन्हा डोळ्यांपुढे आली. निरोप द्यायला कुणी उठलं नव्हतं, कारण तिनं हलू नका म्हटलं होतं. ती धावत सुटली होती आणि झालं म्हणायचं राहून गेलं होतं.

वहिनीनं ट्रे ठेवला, हात झाडले आणि खाली निघून गेली. चहा कुणी प्यायलं नाही.

५

शुक्रवारी सकाळी क्लिप बावीस मिनिटांची झाली होती. ताईनं ती सलग पाहिली. विसावं मिनिट जवळ आलं तशी तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

आवाज झाला नाही. उजेड पडला नाही. छतातून बारीक धूळ खाली आली, एवढंच. पीठ चाळताना पडतं तशी ती सगळीकडे सारखी पडली: मशीनवर, आजोबांच्या टकलावर, शिंपिणीच्या हातांवर. कुणी हललं नाही. फक्त धाकटीनं डोळे वर करून छताकडे पाहिलं आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे आणले. पापण्यांवर धूळ होती. उन्हाचा चौकोन थोडा पुढे सरकला होता.

ताईनं क्लिप मागे नेली. आता पहिल्या सेकंदापासूनच सगळ्यांच्या अंगावर धूळ होती.

कानसेन उठून खिडकीशी गेला. बराच वेळ तो रस्त्यावरच्या भाजीच्या गाड्या बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, म्हणून टाक. झालं म्हण आणि सोड त्यांना."

"आणि उठून गेली तर?"

ताई एकदम भडकली. सोमवारी समितीपुढे काय लावायचं? रिकामी खोली? म्हणजे प्रवक्त्यांचं म्हणणं आपण आपल्या हातांनी खरं करून द्यायचं? हा एकच पुरावा आहे, सहा माणसं आहेत त्यात, आणि सोमवारपर्यंत ती तिथंच बसली पाहिजेत. ती हे सगळं बोलली आणि मग स्वतःचाच आवाज तिच्या कानांत राहिला. ज्यांनी गोळा टाकला त्यांच्यावर ती दोन महिने आगपाखड करत होती. आता सोमवारपर्यंत बसा म्हणून हुकूम सोडणारी ती कोण होती? मेलेल्यांनाही कामाला लावायचं बाकी ठेवलं होतं, तेही झालं.

तरी ती "झालं" म्हणाली नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. रविवारी क्लिप सात तासांची होती, खोलीत संध्याकाळची तिरपी उन्हं आली होती, आणि आजोबांचा चेहरा काळानिळा पडला होता.

रविवारीच परिचारिकेचा फोन आला. उद्या समितीपुढे काय दाखवणार, असं तिनं विचारलं. ताईनं शांततेच्या मिनिटाबद्दल सांगितलं, बाकीचं गिळून टाकलं.

"आजोबा खोकत नाहीयेत त्यात?" परिचारिका म्हणाली.

"नाही."

"त्यांना अर्धं मिनिटसुद्धा दाबून धरवत नाही. त्रास होतो त्यांना. तुम्ही लवकर संपवलंत ना?"

ताईनं "हो" म्हटलं. खोटं बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

६

समितीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. लांब टेबल, हिरवं कापड, छताला चार पंखे, भिंतीवर पडदा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, दमलेले पण सभ्य. प्रवक्ते दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसले होते. त्यांना दुसरी बैठक होती, लवकर निघायचं होतं. परिचारिका पहिल्या रांगेत होती. तिनं शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. घरच्यांसाठी जागा राखतात तशी.

समितीच्या माणसानं पाकिटाचं सील सगळ्यांसमोर फोडलं आणि क्लिप लावली.

त्या सीलबंद प्रतीतही सहा जण टेबलाभोवती तसेच बसले होते. अंगावर धूळ होती. परिचारिकेनं तोंडावर हात घेतला.

प्रवक्त्यांनी अर्धं मिनिट पाहिलं आणि हसले. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, हा व्हिडिओ नाही, फोटो आहे. कुठला, कधीचा, देव जाणे. जिवंत माणसं इतकी स्थिर बसत नाहीत."

अध्यक्षांनी चष्मा काढून ताईकडे पाहिलं. तुमचं काय म्हणणं आहे, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात दिलगिरी होती. ताईला कळलं की नावं हातची जातायत. ज्या स्थिरपणासाठी तिनं त्या माणसांना सात तास, सात दिवस, दोन महिने बसवून ठेवलं होतं, त्याच स्थिरपणानं ती खोटी ठरत होती. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा राग त्या इस्त्रीच्या शर्टावर नव्हता, अर्धा स्वतःवर होता.

ती उभी राहिली. म्हणाली, हे श्वास घेतायत. ऐकायला या गृहस्थांना वेळ नाही, पण मला एक मिनिट द्या आणि पंखे बंद करा.

अध्यक्षांनी मान हलवली. पंखे थांबले.

"एक मिनिट कुणी हलू नका," ताई हॉलला म्हणाली. "मी झालं म्हणेपर्यंत."

हॉलमध्ये सगळे थांबले. अध्यक्षांचा चष्मा हातात राहिला, टंकलेखिकेची बोटं कळांवर राहिली, प्रवक्त्यांचा हात पाण्याच्या ग्लासावर राहिला. मग आवाज यायला लागला, आधी अगदी हळू. पाच सरळ श्वास, आणि एक अडवून धरलेला. कोपऱ्यात कानसेननं मान खाली घातली होती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या लहान खोलीची शांतता पसरली, आणि मेणकापडाचा वास आला असं ताईला वाटलं.

ती पडद्याकडे वळली. हॉलकडे पाठ केली.

"झालं," ती म्हणाली. "खूप वेळ बसवलं तुम्हाला. चुकलंच माझं. झालं."

७

पहिल्यांदा धाकटी उठली. तिचे पाय आखडले होते, टेबलाला धरून उभी राहिली. मग शिंपिणीनं मांडीवरची धूळ झटकली. आत्या उठली, बाप उठला, मुलानं आजोबांना हात दिला. कुणी काही बोललं नाही. एकामागोमाग ती सगळी चित्राच्या डाव्या बाजूला गेली. तिथं त्या घराचं दार होतं, तिसऱ्या मजल्याचं, जिन्यात उघडणारं. शेवटी आजोबा गेले, तोंडावर रुमाल धरून.

पडद्यावर रिकामी खोली राहिली. मशीन, टेबल, धुळीत उमटलेले कोपरांचे ठसे.

हे पाहा, रिकामी, असं आता प्रवक्ते म्हणणार, असं ताईला वाटलं. ती वळली. हॉलमध्ये कुणी हललं नव्हतं. प्रवक्त्यांचा हात अजून ग्लासावरच होता आणि डोळे दाराकडे होते.

बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. घाई नव्हती. एक पाऊल लहान होतं आणि दर पायरीला उडी मारत होतं. समितीच्या बाकीच्या सुनावण्या दुपारी होत्या. सकाळी या मजल्यावर दुसरं कुणी येणार नव्हतं.

पावलं व्हरांड्यात आली. दाराबाहेर थांबली. आणि मग खोकला आला. मोठा, मोकळा, फार दिवस कोंडून ठेवलेला, एकामागून एक येतच राहिला, आणि त्याच्या मागोमाग एका लहान मुलीनं केलेली त्याची हुबेहूब नक्कल.

परिचारिका उठली. तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून खाली ठेवली, आणि रांगेतल्या पुढच्या पाच खुर्च्या एकेक करून सरळ केल्या.

अध्यक्षांनी चष्मा घातला, कागद पुढे ओढला. "किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"सहा," परिचारिका म्हणाली. "दार उघडा ना कुणीतरी."

दाराच्या सगळ्यांत जवळ प्रवक्ते होते. नुसता हात लांब केला असता तरी कडी हाताला लागली असती. "झालं" सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यांनीही. पण ते हलले नाहीत.